पडद्याआडचा सिलिंडर

गॅस आला तेव्हा वहिनीने त्याची पूजा केली. यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या चाळीत नवी शिलाई मशीन आली तरी तिला कुंकू लागायचं, सायकलला हार पडायचा. गॅस तर कितीतरी वर्षांनी नंबर लागून आलेला. भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ, एका लायनीत बारा खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. त्या बारा खोल्यांत तोवर दोन घरीच गॅस होता. आमचा तिसरा. साल त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी, आता नक्की सांगता येत नाही. भाची तेव्हा अडीच वर्षांची होती, एवढं पक्कं आठवतं.

आमची खोली म्हणते खरी, पण ती दादाची. मी त्याची धाकटी बहीण. सातवीनंतर माझी शाळा सुटली. चार-पाच वर्षं गावी शेतात राबले, मग आईनेच सांगितलं, जा भावाकडे, तिथे काहीतरी काम बघ. गाव मालवणच्या पुढे, एसटीने एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. दादाने मला गोळ्या-औषधांच्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला लावलं, आणि वहिनीने मला तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत जागा दिली. तिचे हे उपकार मी कधी विसरले नाही. एवढ्याशा संसारात नणंद झोपवून घ्यायची, तिच्या डब्याची पोळी लाटायची, आणि कपाळाला आठी नाही. पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कुणी विचारल्याशिवाय आपण बोलत नाही. पुढेपुढे विचारलं तरी बोलत नाही.

गॅसवाल्या माणसाने सिलिंडर खिडकीजवळ उभा केला. नळी जोडली, शेगडी पेटवून दाखवली. निळी फुलं उमलल्यासारखी ज्योत आली आणि भाचीने टाळ्या पिटल्या. तो म्हणाला, "बाई, इथनं हलवू नका. आणि काम झालं की वरचं बटण बंद." एक छोटं चोपडं त्याने दादाच्या हातात दिलं आणि गेला.

वहिनीने सिलिंडरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मानेला झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला. चोपडं उघडून त्याच्या पानालाही हळदकुंकू लावलं आणि ते देव्हाऱ्यात तसबिरीच्या मागे ठेवून दिलं. नव्या वस्तूबरोबर आलेला कागद, तो देवाजवळच ठेवायचा. वाचायचा असतो हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. मी सातवी शिकलेली, दादा दहावी नापास. दोघांनाही वाचता येत होतं.

संध्याकाळी पाच सवाष्णी बोलावल्या, हळदीकुंकू झालं, पेढे वाटले. शेजारच्या काकींना बोलावलं नव्हतं. त्या विधवा. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली आणि वर्षभरात तोही गेला. आता त्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायच्या. चाळीत सगळे त्यांना काकीच म्हणत. आमच्याच बाजूच्या, मालवणी बोलायच्या, म्हणून मला त्यांचा ओढा. त्यांच्याकडे पेढा घेऊन मला पाठवलं. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाल्या, "बरा झाला गो. आता डोळे चुरचुरूचे नाय तुमचे." त्यांच्या आवाजात दुसरं काही असलंच तर ते मला ऐकू आलं नाही.

पण वहिनीच्या मनात भीती शिरली होती. हळदीकुंकवाला आलेली एक बाई जाताना म्हणून गेली, "तुमची काय बाबा, मजा आहे आता." ती जाताच वहिनीचं तोंड उतरलं. खिडकी गॅलरीकडे उघडायची. येता-जाता सगळ्यांना सिलिंडर दिसायचा, हार घातलेला, लालभडक.

"नजर लागेल गं," ती म्हणाली. "आत सरकवूया."

ओट्याखाली मोकळी जागा होती, तिथे पिठाचे डबे असायचे. डबे काढले. मी आणि वहिनीने मिळून सिलिंडर गोल गोल फिरवत आत नेला. उंचीला जेमतेम बसला. नळी वाकून ताणली गेली, तरी पुरली. वर वहिनीने जुन्या साडीचा पडदा लावला. बटणाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवसापासून आम्ही ते बंद करायचं सोडून दिलं. पडदा बाजूला करा, वाका, हात घाला. शिवाय वहिनीचं म्हणणं, सारखं पिळलं की आटे सैल पडतात, स्टोव्हच्या चावीचं तसंच झालं होतं.

मी ओट्याकडे डोकं करून झोपायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले तर डोकं जड, आणि नाकात एक वास. कुजक्या कोबीसारखा. मला वाटलं, कांद्याच्या टोपलीत एखादा नासलाय. सगळी टोपली जमिनीवर पालथी केली, एकेक कांदा दाबून पाहिला. एकही नासका निघाला नाही. टोपली परत भरली. बाहेर गेले तर वास नाही, आत आले तर आहे. म्हटलं, नव्या वस्तूला नवा वास असणारच. म्हटलं, वहिनीला कळत असेलच की. तिची वस्तू, तिचं घर. मी कंपनीत निघून गेले.

त्याच्या पुढच्या दिवशी शनिवार, मला सुट्टी. सकाळी सगळ्या बायका गॅलरीच्या टोकाला नळावर पाणी भरत होत्या. काकी कळशी घेऊन आमच्या दारावरून येताना थांबल्या. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली आणि तशाच नळापाशी आल्या.

"गो, तुमच्या घरात वास कसलो येता?"

वहिनी हंडा लावत होती. "कसला वास?"

"गॅसचो. माका ठाऊक आसा, कॅन्टीनात रोज घेतंय. बटाण बंद कर जा आधी. आणि दार-खिडकी उघडी टाक."

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

"काकी, तुमच्याकडनं रोज रॉकेलचा वास येतो, तेव्हा आम्ही कधी बोललो का?"

"बोल ना, खूप बोल. पण आधी बटाण बंद कर."

"आमच्या गॅसचं आम्ही बघू. तुमचा नंबर लागला की तुमचं तुम्ही बघा!"

एक-दोघी हसल्या. काकींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी मान खाली घालून हंड्यात पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी गळ्यापर्यंत आलं, मग काठावर आलं, मग सांडायला लागलं, तरी मी बघतच होते.

"अगं, लक्ष कुठाय तुझं?" वहिनी ओरडली.

घरात आल्यावर ती म्हणाली, "बघितलंस ना? पोटात दुखतंय तिच्या. चार दिवस झाले नाहीत गॅस येऊन, आणि बोलून दाखवलं चार बायांत."

मी म्हणाले, "हो."

एवढंच. हो. त्या एका अक्षराचा मला अजून राग येतो.

दुपारी भाची किरकिर करायला लागली. जेवली नाही, एकदा ओकली. वहिनीने तिच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मग काय, झालंच. सकाळी काकी बोलल्या आणि दुपारी पोर ओकली. वहिनीला दुसरा पुरावा नको होता. मलाही तेव्हा ते खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. गावी आईसुद्धा दृष्ट काढायची. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन पोरावरून उतरायच्या आणि विस्तवात टाकायच्या. मिरचीचा ठसका लागला नाही तर समजायचं, नजर जबर आहे.

दिवेलागणीला मी गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवली. अंघोळीचं पाणी तापवायला ती ठेवलेलीच होती. एरवी दृष्ट काढायची ती दारातच, बाहेर शेगडीपाशी. पण गॅलरीत काकींचं दार आमच्या दाराला लागून. वहिनी आतून म्हणाली, "बाहेर नको. तिच्या डोळ्यांदेखत नको. निखारे घमेल्यात घे आणि आत आण. आणि येताना दार लोटून घे."

दादा कामावर होता. भाचीला खोलीच्या मधोमध पाटावर बसवलेली, पूर्वेकडे तोंड करून. फ्रॉक नवा घातला होता, गॅसच्या पूजेला घेतलेला. वहिनी मूठ आवळून तिच्यासमोर उभी, अंगावर नायलॉनची साडी. खिडकी बंद होती. चिमट्याने मी पाच-सहा निखारे घमेल्यात घेतले, आत आले, पायाने दार ढकलून घेतलं. वास होता. तेव्हाही होता, दोन दिवसांपेक्षा जास्तच. मला आला. मी दोन पावलं पुढे गेले आणि घमेलं खाली ठेवायला वाकले.

पुढचं मी हजार वेळा आठवलंय, आणि दर वेळी ते तसंच येतं, त्यात मागचं-पुढचं काही जुळत नाही. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी ओला टॉवेल झटकावा तसा, भप्प. जमिनीवरून निळसर काहीतरी सरकत गेलं, ओट्याकडे, इतक्या पटकन की मला वाटलं आपल्याला भोवळ येतेय. मग ओट्याखालचा पडदा नव्हताच. होता आणि नव्हता. त्या जागी पिवळी आग होती आणि ती फूत्कारत होती, स्टोव्ह जोरात चालतो तसा आवाज.

वहिनीने पोरीला पाटावरून उचलून दाराकडे फेकलं. हो, फेकलं. ती माझ्या पायांवर येऊन आपटली. तिच्या फ्रॉकची कड जळत होती आणि ती रडत नव्हती, नुसती तोंड उघडून माझ्याकडे बघत होती. वहिनीच्या साडीला खालून आग लागली होती. मी उभी होते. हातात घमेलं धरून, वाकलेली होते ती सरळ होऊन उभी राहिले. मला कळत होतं की पोरीला उचलायला हवं. त्यासाठी घमेलं टाकायला हवं. ते कुठे टाकायचं, हे मला सुचत नव्हतं.

दार धाडकन उघडलं. काकी. त्यांच्या हातात भिजवलेली गोधडी होती, धुवायला मोरीत टाकलेली, पाणी गळत होतं. आधी त्यांनी पोरीला पायानेच गॅलरीत सरकवलं, तशीच घासत. मग गोधडी वहिनीच्या कमरेखाली गुंडाळून तिला खाली पाडलं आणि वरून दाबलं. हे सगळं चालू असताना त्या मला शिव्या देत होत्या. "घमेला भायर टाक गो! भायर टाक, उभी काय रवलंस!" तेव्हा कुठे मी गॅलरीत गेले. पण टाकलं नाहीच. हातात घेऊन उभी राहिले. नंतर कुणीतरी माझी बोटं एकेक करून उघडली म्हणतात, मला ते आठवत नाही.

दारातून मला काकी दिसत होत्या. वहिनीच्या अंगावरची गोधडी ओढून घेऊन त्या गुडघ्यांवर बसल्या, ओट्याकडे रांगत गेल्या, गोधडी सिलिंडरच्या मानेवर टाकली आणि तिच्याखाली दोन्ही हात घातले. बटण तापलेलं असणार. एकदा हात निसटले. त्यांनी "आये गो" म्हटलं आणि परत घातले. मग तो फूत्कार थांबला. आवाज थांबल्यावर जी शांतता झाली, ती मला आगीपेक्षा भयंकर वाटली. त्या शांततेतच भाची रडायला लागली.

वहिनीच्या दोन्ही पोटऱ्या भाजल्या. भाचीच्या मांडीवर रुपयाएवढा फोड आला, बाकी काही नाही. माझ्या अर्ध्या भुवया आणि पुढचे केस गेले. काकींचे दोन्ही तळहात भाजून गेले. मुलुंडच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या हातांना पांढऱ्या पट्ट्यांचे गोळे बांधले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने लाटणं धरायचं नाही.

आता जे सांगायचंय ते आगीपेक्षा अवघड आहे.

चाळीत बोलणं सुरू झालं. काळी जीभ म्हणतात ती हीच. सकाळी वास म्हणाली, संध्याकाळी पेट घेतला. काकींनीच विझवलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी बोलत होते. वहिनी खाटेवर पाय लांब करून पडलेली. ती दादाला म्हणाली, "तोंडाने काढलं तिने, आणि झालं. आपण घरात राहतो ना? आपल्याला आला का कुणाला वास?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काय गं? तुला आला होता?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? कारण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बोलली का नाहीस. कारण निखारे मी आत आणले होते. कारण मला त्या रात्री गावाकडची एसटी दिसत होती. माझी पेटी वर बांधलेली, आणि आई दारात, काय विचारायचं ते न कळून उभी. अठरा वर्षांच्या मला तेवढंच मोठं वाटत होतं.

दोन दिवसांनी मी काकींना भरवायला गेले. त्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं, चाळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, आमच्या घरातून कुणी जायचं नव्हतं. मी कंपनीतून येताना परस्पर गेले. पेज केली, चमच्याने भरवत होते. त्या माझ्या अर्ध्या भुवयांकडे बघून हसल्या. "दशावतारातलो राक्षस दिसतंस मां." मीही हसले. दोन-तीन घास झाले. मग त्या सहज म्हणाल्या, जेवताना मीठ मागावं तशा,

"तुका पण इलो होतो ना वास?"

मी चमचा पेजेत ठेवला.

"सकाळी नळार तुझा तोंड बघलंय मी. माका वाटला, ही बोलतली." त्यांनी हनुवटीने वाटी दाखवली. "पेज दी. थंड होता."

पट्ट्यांचे ते दोन गोळे मांडीवर ठेवून त्या पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसल्या, लहान पोरासारख्या. मी पेज संपवली, भांडं घासलं, आणि सरळ घरी आले. दादा चहा पीत होता, वहिनी खाटेवर. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर बोलले नसते.

"दादा, मला वास आला होता. दोन दिवस येत होता. मी कांदे तपासले. काकी बोलल्या तेव्हा मला माहीत होतं त्या खरं बोलतायत."

दादाने कप खाली ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होती. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. भिंतीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "मलाही आला होता."

दादा उठला. देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून त्याने ते चोपडं काढलं, माझ्या हातात दिलं. "वाच." मी उभ्यानेच वाचलं. शेवटची पानं मराठीत होती. सिलिंडर बंद जागेत ठेवू नये. काम झाल्यावर बटण बंद करावं. वास आल्यास दारं-खिडक्या उघडाव्यात, काडी ओढू नये, विस्तव जवळ आणू नये. त्या ओळीवर हळदीचं बोट उमटलं होतं, वहिनीचं. दादा म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. मला गावी कुणी पाठवलं नाही. त्याबद्दल मी दोघांची आजन्म ऋणी आहे. पण ते वाचणं मला एसटीपेक्षा लांबचं वाटलं.

महिन्याभराने नवी नळी बसली. सिलिंडर खिडकीजवळ उभा केला, उघडा, हार नाही, काही नाही. गॅसवाला गेला तरी वहिनी शेगडीजवळ जाईना. काडेपेटी तिने ओट्यावर ठेवून दिली. मग ती लंगडत गॅलरीत गेली आणि पहिल्यांदाच स्वतःहून शेजारच्या दारात उभी राहिली.

"काकी, जरा येता का?"

त्या आल्या. हातांच्या पट्ट्या सुटल्या होत्या, कातडी गुलाबी आणि ताठ, बोटं पुरती मिटत नव्हती. त्यांना काडी धरता येणार नव्हती. त्या सिलिंडरपाशी गेल्या, कोपरं जमिनीला टेकवून गुडघ्यांवर बसल्या आणि नाक फरशीला लावलं. नळीच्या कडेने, ओट्याखाली, कोपऱ्यात, कुत्र्यासारखं हुंगत फिरल्या. दादा, वहिनी आणि मी बघत उभे. भाचीला ती गंमत वाटली, तीही शेजारी रांगायला लागली.

मग काकींनी मान वर करून विचारलं. वहिनीला नाही, मला.

"येता वास?"

मी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसले, गाल फरशीला टेकवला, आणि तीन वेळा हुंगलं. फरशी धुतल्याचा वास होता. बाकी काही नाही.

"नाय," मी म्हणाले.

"मगे पेटव."